आयत्या वेळचा विषय

विजू,

काल तुझी शोकसभा झाली आणि तीही चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली. तू असतीस तर दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला घड्याळाकडे बोट दाखवलं असतंस. तू नव्हतीस, म्हणून सगळे आरामात आले. तुला जाऊन अकरा दिवस झाले. दिवसकार्य करायचं नाही असं तू लिहूनच ठेवलं होतंस, त्यामुळे डिलाईल रोडवरच्या मंडळाच्या हॉलमधली ही सभा, एवढंच काय ते तुझं झालं. फोटो कुठून पैदा केला कोण जाणे. त्यात तू पोस्टाच्या रांगेत उभी असल्यासारखी वैतागलेली दिसतेस. मला तो आवडला.

मी मागच्या बाजूला बसणार होते. चाळीस वर्षांपूर्वी संघटना सोडून गेलेल्या बाईनं पुढच्या रांगेत मिरवू नये एवढी अक्कल मला आहे. पण तुमचे सेक्रेटरी साळवी धावत आले आणि इतिवृत्ताची वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "मंगलताई, विजूताई असत्या तर त्यांनीच लिहिलं असतं. आज तुम्ही लिहा. तुम्ही दोघी एकदम जुन्या मैत्रिणी. आणि तुमचंही अक्षर चांगलं आहे."

अक्षर! सगळ्या हॉलमध्ये साठेक माणसं, त्यातल्या चाळीस पुरुषांना लिहिता येतं, पण वही आली ती बाईच्याच हातात. आणि मी ती घेतली. का घेतली ते पुढे सांगते.

वहीबरोबर विषयपत्रिकाही दिली. ती वाचून मला भर शोकसभेत हसू फुटलं, तोंडाला पदर लावावा लागला. बाजूच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. साळवींनी नेहमीच्या सभेचा नमुना कॉम्प्युटरवरून काढला होता आणि फक्त मधली ओळ बदलली होती. एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, कॉम्रेड विजयाताईंना आदरांजली. तीन, मनोगते. आणि चार, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.

शोकसभेत आयत्या वेळचे विषय, विजू. म्हणजे काय, आणखी कुणी मेलं तर उरकून घ्यायचं? असली चूक जगात फक्त आपलेच लोक करू शकतात. तुला हे सांगायला मी पर्समधला फोन काढला होता. मग आठवलं, आणि परत ठेवला.

सात जण बोलले. त्यातले सहा पुरुष. तू संघटनेचा कणा होतीस असं तिघांनी सांगितलं. तू लग्न केलं नाहीस, चळवळीशीच लग्न केलंस, असंही एकानं सांगितलं. केलं असतंस तर नवऱ्याच्या शोकसभेत तुला 'त्यांच्यामागे खंबीरपणे उभी राहिलेली पत्नी' म्हणून नारळ दिला असता, एवढाच फरक. तू काय वाचलंस, काय मांडलंस, कुणाशी भांडलीस, यावर एक अक्षर नाही. सातही जणांना आठवलं ते तुझं सुवाच्य अक्षर.

आणि मला त्या सुवाच्य अक्षरातली एकच ओळ आठवत होती.

ती ओळ मी चाळीस वर्षं घेऊन फिरतेय. ती लिहिलीस ती तूच. म्हणून तुझ्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझं तोंड कडू होतं. मेल्यावर माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. ते सात जणांनी केलंय, मला सूट दे.

तुला आठवतो का पारूवहिनींच्या खोलीतला तो रविवार? मी गिरगावातली, कारकुनाची मुलगी. गिरणी मी फक्त भोंग्यावरून ओळखत होते. तू डिलाईल रोडच्या चाळीतली, तुझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. कॉलेजात भेटलो आणि तू मला ओढत अभ्यासवर्गाला घेऊन गेलीस. वर्ग भरायचा पारूवहिनींच्या खाणावळीत, कारण चाळीत तेवढी मोठी खोली दुसरी नव्हती. त्यांचा नवरा दत्ताराम युनियनचा माणूस, आवाज असा की फाटकावर उभा राहिला तर आतले साचे थांबावेत. पंधरा गिरणी कामगार तिथं दोन वेळ जेवायचे. रविवारी दुपारी ताटं उचलली की त्याच जागी आपण पुस्तकं उघडायचो.

वरकड मूल्य म्हणजे काय ते तू मला तिथं शिकवलंस. कामगार आठ तास राबतो, त्यातले काही तास स्वतःच्या पोटापुरते, उरलेले मालकाच्या खिशात. असं स्वच्छ सांगायचीस की वर्ग घेणारे अध्यक्षसुद्धा मान डोलवायचे. मला ते पटलं, अजूनही पटतं. पण माझं लक्ष मोरीकडे होतं. तिथं पारूवहिनी पंधरा ताटं घासत होत्या. मी विचारलं, "कामगाराला दुसऱ्या दिवशी परत साच्यावर उभं राहता यावं म्हणून जे रांधतात, धुतात, त्यांचे तास कुणाच्या खात्यात धरायचे?"

अध्यक्ष हसले. "गिरगावचा प्रश्न आहे," म्हणाले. सगळे हसले. दत्ताराम सर्वांत जोरात हसला. तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की दोन दिवस वळ होता. पारूवहिनींनी चहा आणून ठेवला आणि मला हळूच विचारलं, "तुमच्या त्या पुस्तकात माझा काय लिवलेला आसा काय गो?"

मी म्हटलं, नाही वहिनी. जिन्यात तू मला धरलंस. "बरोबर विचारलंस यार, पण आत्ता नाही. आधी संघटना उभी राहू दे. लगेच बायकांचं काढलं की हे लोक बिथरतात." मला ते शहाणपणाचं वाटलं. बावीस वर्षांची होते, तुझ्या शब्दाबाहेर नव्हते.

मग गिरण्यांचा संप आला. त्या दिवसांबद्दल मी तुझ्याशी कधीच भांडणार नाही. काळाचौकीच्या ऑफिसात आपण दोघी पत्रकं लिहायचो, चाळीचाळीत फिरायचो, बायकांच्या सभा घ्यायचो. मला कुठल्याही घरात न विचारता आत शिरायला तू शिकवलंस. माझ्या घरी माझी आईसुद्धा दार वाजवल्याशिवाय शेजारी जात नसे. माणसांना भिऊ नये हे मला तुझ्यामुळे कळलं. याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि हे मी तुला कधीच सांगितलं नाही, कारण सांगायला गेले की ती ओळ आडवी यायची.

पारूवहिनी एका दुपारी ऑफिसात आल्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला. मनगट सुजून केवढं झालं होतं. दत्तारामनं पिळला होता, आणि हे पहिल्यांदा नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्या दहा वर्षं खात होत्या, आणि वर फाटकावर बसलेल्या माणसांना भाकऱ्या पाठवत होत्या. आपण तिघींनी मिळून तक्रार लिहिली. त्या बोलल्या, मी लिहिलं, तू वाचून दाखवलीस. त्यांनी डाव्या हातानं अंगठा दिला.

मी म्हटलं, हा विषय कमिटीच्या पत्रिकेवर पहिला घ्या. तू म्हणालीस, "वेडी आहेस का? पत्रिका आधी वाटली जाते. दत्ताराम वाचेल, सगळ्यांना फोडून ठेवेल. आयत्या वेळच्या विषयात काढू. कुणाला तयारीला वेळच नाही मिळणार." मला तुझं डोकं फार चालतं असं वाटलं.

आयत्या वेळचे विषय शेवटी येतात, हे आपल्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. संपाच्या कामाला तीन तास गेले. आपला विषय निघाला तेव्हा निम्मे लोक चपला शोधत होते. मी तक्रार वाचली. कुणीतरी म्हणालं, घरगुती प्रश्न आहे. कुणीतरी म्हणालं, उपासमारीत माणसाचा तोल जातो, दत्तारामचा हात हा खरं तर मालकाचा हात आहे. मी विचारलं, "मग वहिनींनी कुणाचा हात पिळायचा?" दत्ताराम भिंतीला टेकून बसला होता, एक शब्द बोलला नाही. त्याला बोलावंच लागलं नाही, त्याच्या वतीनं अख्खं मार्क्सवादी वाङ्मय बोलत होतं.

मी तुझ्याकडे पाहत होते. तू मिठाची गुळणी धरून वहीत खाली पाहत होतीस. शेवटी अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणालीस, "संप संपल्यावर घेऊ."

इथपर्यंत मी तुला समजून घेतलं असतं. पुढच्या सभेत तू मागचं इतिवृत्त वाचलंस. तुझ्या त्या खणखणीत, शाळेतल्या बाईंच्या आवाजात. आणि शेवटी वाचलंस: आयत्या वेळचे विषय, काही नाही.

अर्धा तास चर्चा झाली होती, विजू. एका बाईचा अंगठा तुझ्या फायलीत होता. मी उठून म्हटलं, हे खोटं आहे. अध्यक्षांनी तुला विचारलं, लेखनिक काय म्हणतात? तू मान वर न करता म्हणालीस, "ठराव झाला नाही. ठराव नाही तर नोंद नाही." हात वर करून इतिवृत्त कायम झालं. तुझाही हात वर होता. मी पिशवी उचलली आणि निघाले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला असणार.

पुढे तू मला कारण सांगितलंस, दहा वेळा सांगितलंस. कागद मालकाच्या हाती लागला असता, पेपरात आलं असतं की संपवाले बायकांना मारतात. मी म्हणायचे, पण मारत होते ना. मग तू चिडायचीस आणि माझ्या वर्मावर यायचीस. मी बायकांच्या संघटनेत गेले, दादरला आमच्या बैठका व्हायच्या, मी घरकाम हे श्रम कसे आहेत यावर लेख लिहायला लागले. तू लेख वाचून फोन करायचीस. "छान लिहिलंयस. तुझ्याकडची भांडी कोण घासतं ग?" मी म्हणायचे, माझा मुद्दा खोडून दाखव. तू म्हणायचीस, "मुद्दा नाही खोडत बाई. भांडी कोण घासतं तेवढं सांग." आमच्याकडे सुनंदा घासायची. तिला वर्षाला किती सुट्ट्या द्यायच्या हे आमच्या एकाही बैठकीत कधी ठरलं नव्हतं. हे मला माहीत होतं, म्हणून तर राग यायचा.

असंच चाललं. तू म्हणायचीस वर्ग सुटला की बाई सुटेल, मी म्हणायचे बाईला मागे ठेवून कुणाचाही वर्ग सुटणार नाही. दोघींचे केस पांढरे झाले आणि कुणीच सुटलं नाही.

लोअर परळच्या त्या मॉलमध्ये आपण गेलो होतो, आठवतं? तुझ्या वडिलांची गिरणी तिथंच होती. खाण्याच्या मजल्यावर बसून तू मला दाखवत होतीस, इथं साचाखातं, तिथं फाटक. मी म्हटलं, पुरे आता, संप हरलो आपण. तू ताठ झालीस. "हरलो कसे? संप कुणी मागे घेतला सांग. ठराव दाखव. संप चालूच आहे." आणि खरंच, गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या, माणसं गेली, पण संप मागे घेतल्याची सभा कधी झालीच नाही. मी म्हटलं, "म्हणजे पारूवहिनींचा विषय अजून यायचाच आहे." तू पर्स उचललीस आणि कॉफी अर्धी टाकून गेलीस.

आणि मागच्या वर्षी तुझा फोन आला. त्याच मॉलमधल्या साफसफाईच्या बायकांची तू युनियन बांधत होतीस, पासष्टीला टेकलेली, गुडघ्याला पट्टा लावून. म्हणालीस, "मंगल, एका मुलीला सुपरवायझर त्रास देतोय. तुला यातलं कळतं. रविवारी ये." चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू मला कामाला बोलावलंस. आणि मी काय म्हणाले? "आयत्या वेळच्या विषयात घेणार आहेस का?"

तू फोन ठेवलास. मी परत केला नाही. तूही केला नाहीस. त्या मुलीचं काय झालं हे मी काल हॉलमध्ये चार जणांना विचारलं, कुणालाही सांगता आलं नाही. तू असतीस तर नाव, पत्ता, कामाची पाळी, सगळं सांगितलं असतंस.

आता काल. चौथा विषय आला तेव्हा अध्यक्षांच्याही लक्षात घोटाळा आला. ते घाईघाईनं म्हणाले, "आयत्या वेळचे विषय काही नसावेत." आणि सभा संपली. वही माझ्या मांडीवर होती. मी ती घेतली होती ती ह्याच क्षणासाठी, आणि मी उठले नाही. इतकी वर्षं तुझ्या गप्प बसण्यावर बोलले, आणि माझी वेळ आली तेव्हा मीही खाली वहीतच पाहत राहिले. शोकसभेत कसं बोलायचं, असं वाटलं. प्रत्येक वेळी असंच काहीतरी वाटतं, नाही का?

लोक उठल्यावर मला शेवटच्या रांगेत पारूवहिनी दिसल्या. ऐंशी उलटून गेल्या असतील. दत्ताराम जाऊन बरीच वर्षं झाली. उजवं मनगट तसंच वाकडं बसलंय. मी जवळ जाऊन ओळख सांगितली. म्हणाल्या, "वळाखलंय मी तुका. गिरगावची."

मी म्हटलं, "वहिनी, तेव्हाची तुमची तक्रार विजूनं वहीत लिहिली नाही. आज वही माझ्याकडे आहे. लिहू?"

त्या हसल्या. "आता लिवन माझो हात सरळ होतलो काय गो?" मग तुझ्या फोटोकडे पाहून म्हणाल्या, "ह्या हातान मगे माका नारळ खवूक जमा नाय. विजू रोज सकाळी येय. नारळ खवून देय, वाटप काडून देय, आणि मगे शाळेत शिकवूक जाय. बारा वर्सां. खाणावळ बंद केलंय तवसर."

बारा वर्षं रोज सकाळी, शाळेच्या आधी, पंधरा माणसांच्या कालवणाचं खोबरं. मला एकदाही बोलली नाहीस.

"आणि तू नाय इलंस," वहिनी म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या, नुसतं सांगितलं. "माझो हात मोडलो ता सगळ्यांका ठावक आसा. विजू नारळ खवून देय ता कोणाक ठावक नाय. ता लिही."

विजू, मला तुझा इतका राग आला की काय सांगू. एका ओळीची भरपाई तू बारा वर्षं केलीस, आणि कशानं केलीस? फुकट, गुपचूप, सकाळी उठून, विळीवर बसून. म्हणजे जे श्रम कुठे धरायचे म्हणून मी विचारत होते, तेच श्रम. तुला माझा प्रश्न कळला होता. सगळ्यांपेक्षा जास्त कळला होता. मग तो सभेत मांडायचा होतास ना, बाई! दत्तारामचं ताट वाढण्यात मदत करून आलीस आणि कमिटीत वर्गलढ्यावर बोललीस. आणि मी? मी स्वच्छ हातांनी बाहेर पडले, लेख लिहिले, टाळ्या घेतल्या, आणि ज्या बाईसाठी संघटना सोडली तिच्या दारात चाळीस वर्षांत पाऊल टाकलं नाही. तुझा हात खोटं कायम करायला वर गेला खरा, पण तो नारळही खवत होता. माझा हात लिहिण्यापलीकडे कुठे गेला नाही.

घरी येऊन मी इतिवृत्त लिहिलं. पहिले तीन विषय रीतसर. चौथ्यात लिहिलं: पार्वती दत्ताराम यांची नवऱ्याच्या मारहाणीबद्दलची तक्रार संपाच्या काळात कमिटीपुढे आली होती. तिची नोंद घेतली गेली नाही. नोंद न घेणाऱ्या लेखनिक विजयाताई पुढे बारा वर्षे त्यांच्या खाणावळीचे नारळ खवून देत. या दोन्ही गोष्टींची नोंद घ्यावी. निर्णय बाकी.

आज सकाळी साळवींचा फोन. "ताई, सगळं छान आहे, फक्त ते चौथं... सभेत हे कुणी बोललंच नव्हतं ना. आणि नारळाचं कसं बसणार इतिवृत्तात?"

मी म्हटलं, "साळवी, जे बोललं गेलं ते गाळलेलं तुम्हाला चाललं. आता जे बोललं गेलं नाही ते घातलेलं चालवून घ्या."

ते म्हणाले, रविवारच्या सभेत वाचायला लागेल, लोक आक्षेप घेतील. मी म्हटलं, मीच येऊन वाचते. माझा आवाज तुझ्यासारखा खणखणीत नाही, वाचताना चिरकतो. पण वहिनींना पुढच्या रांगेत बसवणार आहे, त्यांना ऐकू गेलं म्हणजे झालं. कायम करायला कुणाचे हात वर होतात ते बघू. दोन तर होतील, एक सरळ आणि एक वाकडा. सभा संपल्यावर त्या मॉलमधल्या मुलीचा शोध घ्यायचाय, ते तू मला नीट सांगून गेली असतीस तर बरं झालं असतं.

राहता राहिली मी आणि तू. वहिनींनी तुला कधीच माफ केलंय, असं त्यांच्या तोंडावरून दिसलं. साळवी विचारत होते, वहीत शेवटी तुझ्याबद्दल दोन शब्द प्रेमाचे लिहिणार का. मी नाही म्हटलं. तुला माफ करायचं की नाही, ते संप संपल्यावर घेऊ.